कादंबरीची पारख

दिवाळीचा अंक घरात आला म्हणजे त्यातली कादंबरी पहिल्या दोन दिवसांत घरभर फिरते. फराळाची ताटे बाजूला सारून कुणी ती माजघरात वाचते, कुणी दुपारच्या निवांत वेळी ओसरीवर. पुढे पाहुणे येतात आणि सहज विचारतात, "काय हो, कशी आहे यंदाची कादंबरी?" वाचणारा अंक मिटतो आणि म्हणतो, "छान आहे." एवढ्यावर विषय संपतो आणि चकलीकडे वळतो.

एरवी आपली माणसे पारख करायला मागेपुढे पाहत नाहीत. बारामतीच्या बाजारात गुळाची ढेप घेणारा आधी तिचा खडा फोडून जिभेवर ठेवतो. आमच्या इंदापुरात आठवडे बाजाराच्या दिवशी ज्वारी घेणारी बाई दाणे ओंजळीत घेऊन फुंकर मारते, एक दाणा दाताखाली फोडून पाहते आणि मगच भावाला हात घालते. दोन पायल्या ज्वारीला एवढी परीक्षा! मग आपला आठवडाभराचा वेळ घेणाऱ्या आणि पुढे वर्षानुवर्षे मनात मुक्काम करणाऱ्या कादंबरीलाच "छान आहे" म्हणून का बरे सोडून द्यावे?

मराठी कादंबरी जर अशीच सोडून दिली गेली असती, तर ती आज जिथे आहे तिथे पोचली नसती. दर महिन्याला हाती पडलेले पुस्तक शेवटपर्यंत वाचून त्याचे खरे मोल सांगणारी माणसे तिला वेळोवेळी भेटली, म्हणून ती मोठी झाली. आणि जेव्हा जेव्हा ही माणसे पुस्तक बाजूला ठेवून दुसरेच काही तोलू लागली, तेव्हा तेव्हा आपले सर्वांचेच नुकसान झाले. या दोन्ही गोष्टींचा थोडा इतिहास वाचकांपुढे मांडावा, असे मनात आहे.

या विषयाकडे माझे लक्ष गेले ते आमच्या लहानशा मंडळामुळे. त्याला नाव नाही, पावतीपुस्तक नाही, अध्यक्षही नाही. बारामती आणि इंदापूर इथली आम्ही आठदहा माणसे महिन्याला एक कादंबरी वाचतो आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी एकदा इकडे, एकदा तिकडे, अशी जमतो. मी शाळेत शिकवते, दोनतीन कादंबऱ्याही लिहिल्या आहेत. पण माझे शिक्षण मॅट्रिकपुरतेच, आणि मंडळात पदवीचा शिक्का असलेली माणसे थोडीच. एक निवृत्त पाटकरी आहेत, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांचा सारा जन्म नीरेच्या डाव्या कालव्यावर पाण्याच्या पाळ्या लावण्यात गेला. बारामतीच्या एक मावशी आहेत, त्या चष्मा पुसत पुसत वाचतात, पण एक ओळ गाळत नाहीत. औषधाच्या दुकानात काम करणारी एक मुलगी आहे, ती एस्.टी.त उभी राहून वाचते. प्रत्येकाचे मत मी एका जाड वहीत लिहून ठेवते.

वहीच्या पहिल्या पानावर तीन नियम आहेत. पहिला : शेवटचे पान वाचल्याशिवाय मत द्यायचे नाही. दुसरा : लेखकाचे गाव, जात, तो बाई की पुरुष, त्याचे नाव मोठे की लहान, हे दाराबाहेर ठेवायचे आणि मत पुस्तकातले पान दाखवून द्यायचे. तिसरा : आवडलेल्या पुस्तकातले एक तरी उणे आणि नावडलेल्या पुस्तकातले एक तरी चांगले सांगायचे. हे नियम आम्ही आमच्या सोयीसाठी केले. पुढे जुनी मासिके आणि वाङ्मयाचे इतिहास चाळताना ध्यानात आले की, या प्रत्येक नियमामागे मराठीत एकेक मोठे प्रकरण घडून गेलेले आहे.

दर महिन्याला वाङ्मयाचा न्याय करायची प्रथा मराठीत ठसवली ती एका शाळामास्तराने. विष्णुशास्त्री चिपळूणकर पुण्यात सरकारी नोकरीत शिक्षक होते, तेव्हा १८७४ च्या जानेवारीत त्यांनी 'निबंधमाला' हे मासिक सुरू केले. जवळजवळ सगळा मजकूर एकहाती. पुढच्या सात वर्षांत त्याचे ८४ अंक निघाले. त्यात 'वाचन' या विषयावर निबंध आहे, ग्रंथांवर टीका कशी करावी यावर निबंध आहे, आणि आम्हा बारामतीकडच्या माणसांना विशेष जिव्हाळा वाटावा असा मोरोपंतांच्या कवितेवरचा दीर्घ निबंधही आहे.

मोरोपंत हे बारामतीचे भूषण. ते १७२९ साली पन्हाळ्यावर जन्मले, पण आयुष्याचा मोठा भाग बारामतीस बाबूजी नाइकांच्या आश्रयाने पुराण सांगण्यात आणि आर्या रचण्यात गेला आणि १७९४ साली तिथेच त्यांनी देह ठेवला. पंत यमकासाठी शब्द ओढून आणतात, संस्कृताचा भरणा करतात, अशा तक्रारी पुढच्या काळात होऊ लागल्या. विष्णुशास्त्री पंतांचे कैवारी. पण "पंत थोर आहेत, गप्प बसा" एवढे म्हणून ते थांबले नाहीत. त्यांनी कविता पुढे ठेवली आणि तिच्या आधाराने आपला पक्ष पुन्हा पुन्हा मांडला. त्यांचे म्हणणे सगळ्यांना पटले असे नाही, आजही पटत नाही. पण आवडत्या कवीची बाजू घ्यायची तर ती पुस्तक उघडून घ्यावी, हा धडा मराठी वाचकाला त्यांनी घालून दिला.

आता कादंबरीकडे वळू. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ साली निघाले. मराठीतली पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून तिचे नाव घेतात. तिच्यात विधवांचे हाल आहेत, म्हणजे आपल्याच घरातले दुःख आहे. लेखक ख्रिस्ती धर्माचा, आणि धर्मप्रसाराचा हेतू उघड. त्यामुळे त्या दुःखाकडे पाहण्याऐवजी पुष्कळांनी लेखकाच्या धर्माकडेच पाहिले असेल, तर नवल नाही. ते कसेही असो, नंतरच्या लेखकांनी तो रस्ता धरला नाही, हे खरे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ साली आली, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ साली. त्यांत राजपुत्र आहेत, राजकन्या आहेत, दुष्ट कारस्थाने आहेत, योगायोगांची तर रेलचेल आहे. कादंबरी हे नावच मुळी बाणभट्टाच्या संस्कृत कथेवरून आलेले. तेव्हा तिच्यातला नटवा थाटही पाठोपाठ आला.

पण रिसबूड हा प्रांजळ माणूस होता. 'मंजुघोषे'च्या प्रस्तावनेत त्याने आपली अडचण लपवली नाही. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, आपल्याकडच्या लग्नाच्या चालीमुळे आणि इतर कारणांमुळे आपल्या आयुष्यात गोडी वाटावी असे काही घडतच नाही; रोज अनुभवाला येते तेच लिहावे तर ते रंजक होत नाही, म्हणून अद्भुताची कास धरावी लागते. आठव्या वर्षी लग्न, सासू-सासऱ्यांच्या धाकात संसार. यात कादंबरीकाराने लिहावे तरी काय, हा त्याचा प्रश्न. हे वाक्य वाचले की मला त्याचा राग येत नाही, कीव येते. ज्या घरात तो राहत होता त्या घरातल्या बायकांच्या आयुष्यात सांगण्याजोगे काही नाही, असे त्याला मनापासून वाटत होते!

याला उत्तर द्यायला वाचकच पुढे आला. १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांचा 'नावल व नाटक' यांविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. तेव्हा कादंबरीला 'नावल' असेही म्हणत. आपल्याच भाषेतल्या, लोकांना आवडलेल्या कादंबऱ्या घेऊन त्यांतल्या असंभवनीय गोष्टींबद्दल या निबंधाने स्पष्ट नापसंती दाखवली. मराठी कादंबरीचे वय तेव्हा अवघे पंधरा वर्षांचे. एवढ्या लहान पोराला कुणी बोलू नये, कौतुकच करावे, असे म्हणणारे त्या वेळीही असतील. पण मुलगा पंधरा वर्षांचा असतानाच त्याला चार गोष्टी सांगायच्या असतात, हे आम्हा शिक्षकांना कुणी सांगायला नको.

त्या सुमारास एक मुलगा पुण्यात वाढत होता, त्याचे नाव हरि नारायण आपटे. १८६४ चा जन्म. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये तो विष्णुशास्त्र्यांच्या आणि आगरकरांच्या हाताखाली शिकला. १८८२ साली विष्णुशास्त्री वारले, तेव्हा त्याने 'शिष्यजनविलाप' ही कविता लिहिली. पुढच्याच वर्षी आगरकरांनी शेक्सपिअरच्या हॅम्लेटचे 'विकारविलसित' या नावाने मराठी रूपांतर केले, आणि या विद्यार्थ्याने त्यावर चांगली ७२ पानांची परखड टीका लिहिली! वाचकहो, जरा विचार करा. गुरू म्हणजे आगरकर; शिष्य वीस वर्षांच्या आतबाहेरचा; आणि टीका ७२ पानांची. एका गुरूसाठी विलाप करणाऱ्या मुलानेच दुसऱ्या गुरूचे पुस्तक ओळीओळीने तपासले. आदर आणि पारख या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत, हे यापेक्षा चांगले कोणत्या उदाहरणाने सांगावे?

हाच मुलगा पुढे कादंबरीकार झाला. १८८५ साली त्याची 'मधली स्थिति' आली; ती रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबरीच्या छायेत वाढलेली होती. पण १८९० साली त्याने 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि त्यात 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी प्रकरणाप्रकरणाने येऊ लागली. तिच्यातली यमू आपली हकीकत आपणच सांगते : माहेर, लग्न, सासर, नवऱ्याबरोबरचे थोडे सुखाचे दिवस, मग वैधव्य आणि जबरदस्तीने केलेले केशवपन. एवढीच गोष्ट. राजपुत्र नाही, कारस्थानी प्रधान नाही, योगायोग नाही. ज्या आयुष्यात रंजक काही नाही असे रिसबुडाला वाटले होते, नेमके तेच आयुष्य हरिभाऊंनी उचलले, आणि ते वाचताना माणसांना पुढच्या आठवड्याची वाट पाहणे कठीण झाले. मंडळात आम्ही ही कादंबरी वाचली, तेव्हा मावशींनी वहीत लिहायला सांगितले ते एवढेच, "माझ्या आजीची आत्या होती. तिचे नाव घरात कुणी घेत नसे." पुढे त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्या दिवशी बाकीच्यांनीही मत दिले नाही. तिसऱ्या नियमाप्रमाणे उणे सांगायचे राहूनच गेले. ते पुढच्या महिन्यात अण्णांनी सांगितले : मधली प्रकरणे लांबली आहेत. तेही वहीत आहे.

इथवरचा इतिहास आनंदाचा आहे. पण त्याला दुसरी बाजू आहे, आणि सणाचा अंक म्हणून ती झाकून ठेवणे बरे नाही.

सरकारने १८५१ पासून दक्षिणेच्या पैशातून मराठी ग्रंथांना बक्षिसे द्यायला सुरुवात केली आणि त्यासाठी कमिटी नेमली. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून या कमिटीकडे दिले. शेतकरी जोडप्याला जोशी कसा नाडतो आणि विद्येवाचून ते कसे अडते, हा त्याचा विषय. कमिटीने ते नाकारले. भट सभासदांच्या आग्रहापुढे बाकीच्यांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. ते नाटक छापून लोकांच्या हाती पडायला १९७९ साल उजाडले. म्हणजे १२४ वर्षे! तेवढ्या काळात किती पिढ्या आल्या आणि गेल्या. शेतकऱ्याच्या घरातले बोलणे मराठी रंगभूमीवर कसे आणावे याचा नमुना हातात असून त्यांना तो दिसला नाही. परीक्षक पुस्तक सोडून दुसरेच काही तोलू लागला म्हणजे काय होते, ते हे.

आणि ज्यांनी ग्रंथांवरील टीकेचा धडा घालून दिला त्या विष्णुशास्त्र्यांनी जोतीरावांच्या लेखनाचे काय केले? 'निबंधमाले'त त्यांनी त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टर उडवली. मोरोपंतांसाठी पानामागून पाने खर्च करणारा हा रसिक शिक्षक 'गुलामगिरी'च्या लेखकापुढे आला, तेव्हा त्याला शब्दांच्या चुका दिसल्या. त्यातले दुःख दिसले नाही. मी मुलांचे निबंध तपासते. लाल शाईने शुद्धलेखनाच्या खुणा करणे सोपे असते. मुलाने आपल्या घरची काय गोष्ट सांगितली आहे ती ऐकणे अवघड असते. विष्णुशास्त्र्यांसारखा मोठा माणूस सोप्या कामावर थांबला, याचे वाईट वाटते. त्यांचे गुण मोठे होते, म्हणूनच ही उणीव सांगायला हवी.

१८८५ साली पुण्यात ग्रंथकारांची दुसरी सभा भरली. न्यायमूर्ती रानड्यांनी जोतीरावांना बोलावणे धाडले. जोतीरावांनी उत्तर पाठवले त्याचा आशय असा : जे लोक सर्वसाधारण माणसांचे हक्क उघडपणे मानायला तयार नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसणार नाही. ते पत्र कडू आहे. पण कमिटीने नाकारलेले हस्तलिखित ज्याच्या घरी तीस वर्षे पडून होते, त्याने आणखी काय लिहावे?

त्याच १८८५ च्या सुमारास आमच्या भागात नीरेचा डावा कालवा वाहू लागला. दुष्काळी बारामती-इंदापुरात पाटाचे पाणी आले, मागून ऊस आला, गुऱ्हाळे आली, पुढे साखरेचे कारखाने आले. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभे राहिले. नंतर उजनीच्या धरणाने भीमाकाठची गावेच्या गावे उठवली. एवढे सगळे डोळ्यांदेखत घडले, पण कादंबरीत ते फार थोडे आले. अण्णा एकदा एका नावाजलेल्या लेखकाची ग्रामीण कादंबरी वाचून म्हणाले, "बाई, हिच्यात पाऊस लई पडतो, पण रान काही भिजत नाही." मी विचारले, "म्हणजे कसं?" त्यांनी पान दाखवले. लेखकाने उसाला पाणी सोडल्याचे वर्णन केले होते, आणि बारे धरणारा माणूस चिखलात पाय न घालता गाणे म्हणत उभा होता. विद्यापीठातल्या कुणाला ती खोच दिसली नसती. ज्याने रात्री-बेरात्री कंदील घेऊन पाटावर चकरा मारल्या, त्यालाच ती दिसली. रिसबुडाला आपल्या घरातल्या बायका दिसल्या नाहीत, तसा या लेखकाला पाटावरचा माणूस दिसला नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पारखीचे काम आणखी एका रोखठोक माणसाने केले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९०२ साली 'ग्रंथमाले'त 'कादंबरी' हा निबंध लिहिला. त्यांनी आपली कादंबरी युरोपातल्या कादंबरीच्या शेजारी उभी केली आणि आपली उंची किती भरते ते आडपडदा न ठेवता सांगून टाकले. घरातल्या मुलाला शेजारच्या थोराड मुलाशेजारी उभे करू नये, असे म्हणता येईल. पण मोजपट्टी नुसती घरच्या भिंतीवर असली, तर मूल दर वर्षी उंचच झालेले दिसते.

याच सुमारास वाचनाचा पसाराही वाढला. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली 'मनोरंजन' मासिक काढले आणि १९०९ साली त्याचा दिवाळी अंक काढून मराठी घरांना एक नवा फराळ दिला. वाचणारे वाढले हे फार चांगले झाले. कादंबरी माजघरात आली, बायकांच्या हाती आली. पण वाचन वाढले तशी तोंडदेखली स्तुतीही वाढली. आणि स्तुतीपेक्षा वाईट म्हणजे पुस्तकाऐवजी माणसाची चौकशी.

'विभावरी शिरूरकर' या नावाने १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला आणि पुढच्या वर्षी 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी. शिकलेल्या, मिळवत्या, लग्नावाचून राहिलेल्या मुलींच्या मनात काय चालते, ते त्यांत होते. मोठे वादळ उठले. ही बाई कोण, खरी बाई आहे की पुरुष, तिचे स्वतःचे वागणे कसे, याचीच चर्चा फार झाली. पुढे ते नाव मालतीबाई बेडेकरांचे असल्याचे उघड झाले. याच मालतीबाईंनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत काम केले आणि त्या अनुभवातून १९५० साली 'बळी' ही कादंबरी लिहिली. तारेच्या कुंपणाआड जन्म काढणारी माणसे मराठी वाचकाने त्या पुस्तकात पाहिली. ज्यांनी १९३३ साली लेखिकेच्या चारित्र्याची चौकशी केली, त्यांची नावे आज कुणाला ठाऊक नाहीत. पुस्तके मात्र आहेत.

या सगळ्या गलक्यात एका बाईने शांतपणे बसून शंभर वर्षांची मराठी कादंबरी वाचून काढली. कुसुमावती देशपांडे. अमरावतीकडच्या, नागपुरात इंग्रजीच्या प्राध्यापक. 'मराठी कादंबरी : पहिले शतक' हा त्यांचा ग्रंथ १९५३ आणि १९५४ साली दोन भागांत प्रसिद्ध झाला. शंभर वर्षांची कादंबरी वाचायची म्हणजे त्यात रत्ने थोडी आणि खडे फार. आज कुणी हातातही धरणार नाही अशा पुस्तकांशीही बसावे लागते. कुसुमावतीबाई बसल्या. त्यांचा सूर चढा नाही. कुणाची टर उडवणे नाही, कुणापुढे लोटांगण नाही. विसरलेल्या पुस्तकातला एखादा खरा प्रसंगही त्या हात धरून पुढे आणतात, आणि गाजलेल्या लेखकाचा पोकळपणाही हळू आवाजात पण स्पष्ट सांगतात. १९६१ साली ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. त्या पदावर बसलेली ती पहिलीच स्त्री. त्याच वर्षी त्या गेल्या. आमच्या वहीतला तिसरा नियम मी त्यांच्याकडूनच घेतला आहे.

वाचक म्हणतील, इतिहास झाला. पण खरे बोलणे आपल्या माणसांत जमते का? ओळखीच्या लेखकाचे पुस्तक आले की काय करता? तर तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी मंडळाने माझीच कादंबरी महिन्यासाठी निवडली. उजनीच्या पाण्यात गेलेल्या एका गावाची ती गोष्ट आहे. नियमाप्रमाणे लेखकाने वकिली करायची नाही. मला फक्त लिहून घ्यायचे होते. मावशींना नायिका आवडली. औषधाच्या दुकानातली मुलगी म्हणाली, "बाई, यातला शिक्षक फारच शहाणा आहे. आमच्या शाळेत असा कुणी नव्हता." सगळे हसले, मीही हसले. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गाव उठतं त्या रात्रीचं तुम्ही लिवलंय ते लई गोड लिवलंय. असं गोड नसतं ते. माणसं त्या रात्री भांडत होती. वासे कुणाचे, दारं कुणाची, यावरनं भांडत होती."

त्यांचे मत मला पटले नाही, आणि आजही पटत नाही. मी ज्यांच्याकडून ती रात्र ऐकली होती, ती माणसे भांडली नव्हती; ती गप्प बसली होती. पण अण्णांनी पान दाखवले होते, पुस्तक शेवटपर्यंत वाचले होते, आणि माझ्या तोंडावर, माझ्या घरच्या चहाचा कप हातात धरून सांगितले होते. मी ते त्यांच्याच शब्दांत माझ्या हाताने वहीत लिहिले. वर्तमानपत्रांतून त्या पुस्तकाची जी दोनतीन परीक्षणे आली त्यांत 'वाचनीय' हा शब्द होता. त्या शब्दाचे मी काय करणार? अण्णांच्या वाक्यावर मात्र मी कितीतरी दिवस त्यांच्याशी मनातल्या मनात भांडते आहे. लेखकाला एवढे भांडण मिळणे हे मोठेच मिळणे आहे.

पुढच्याच महिन्यात आम्ही व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' वाचली. १९५५ चे पुस्तक. माणदेशातली धनगरांची वस्ती, तिथे येणारा पोरसवदा मास्तर, आणि शेवटी दुष्काळाने रिकामी होणारी वाडी. गाव उठण्याचीच गोष्ट. पण तिथे गाव धरणाने उठत नाही, पाणी नसल्याने उठते. अण्णांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवले. त्यांना म्हटले, "अण्णा, तिसरा नियम. उणे सांगा." त्यांनी डोके खाजवले. म्हणाले, "लवकर संपलं." हे उणे धरावे की नाही यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी धरले.

वाचकहो, हे सगळे सांगण्यात हेतू एवढाच, की पुस्तकाचा न्याय करणे हे काही केवळ प्राध्यापकांचे आणि मासिकांच्या संपादकांचे काम नाही. रिसबुडाला घरातले आयुष्य दिसले नाही, ते दाखवायला मराठ्यांसारखा वाचक लागला आणि हरिभाऊंसारखा लेखक. फुल्यांच्या कमिटीत एखादा जरी नेटाने उभा राहणारा वाचक असता, तर १२४ वर्षे वाचली असती. आणि तुमच्या-माझ्या भागातल्या पाटाचे, उसाचे, बुडालेल्या गावांचे खरे चित्र मराठीत यायचे असेल, तर खोटे चित्र आले तेव्हा "हे असे नसते" म्हणणारी माणसे याच भागात हवीत. ती आहेत. फक्त त्यांना कुणी विचारत नाही, आणि विचारले तर ती भिडेपोटी "छान आहे" म्हणतात.

हा अंक तुमच्या हाती आहे तो दिवाळीच्या दिवसांत. त्यातली कादंबरी जरूर वाचा. अर्ध्यावर सोडू नका. मग घरातल्या घरात, फराळाच्या ताटाभोवती बसून, प्रत्येकाने एक चांगले आणि एक उणे सांगावे. सासूबाईंनी सांगावे, सूनबाईंनीही सांगावे, आणि सुट्टीला आलेल्या भाचरांना कुणी दटावू नये. मात्र पान दाखवल्याशिवाय कुणाचे ऐकून घेऊ नये. सर्वांचे सांगून झाले की ते एका पोस्टकार्डावर लिहून लेखकाला पाठवा. त्याचा पाडवा थोडा कडू होईल कदाचित, पण पुढच्या वर्षीची कादंबरी त्याला जरा जपून लिहावी लागेल.